मुलाच्या हातातला फोन: सुरुवात कुठून करायची

मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की घरात फोनवरून भांडणं सुरू होतात आणि ती बहुतेक एकाच वळणाने जातात. कोणीतरी चिडून फोन काढून घेतं. दोन दिवस धुसफुस चालते. तिसऱ्या दिवशी ‘वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ आलाय’ म्हणून फोन परत मिळतो. एवढ्या सगळ्यातून मूल शिकतं काय, तर फोन आईबाबांच्या नजरेआड वापरायचा.

ज्यांना हे पहिल्यांदाच निस्तरावं लागतंय त्यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. पायऱ्या थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालेल. मात्र रात्रीच्या फोनची पायरी गाळू नका. बाकी काहीच जमलं नाही तरी तेवढं करा, कारण झोप न झालेल्या मुलाशी कुठलाही करार होत नाही, आणि झाला तरी तो टिकत नाही.

पायरी १: किती काळजी करायची ते आधी ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ‘स्मार्टफोनचं व्यसन’ नावाचं वेगळं निदान मात्र त्यात नाही. तरी गेमिंगसाठी जे निकष लावले आहेत ते घरी विचार करायला उपयोगी पडतात. खेळण्यावरचा ताबा सुटलेला आहे का? बाकी सगळ्या आवडी आणि कामं मागे पडून तेच पुढे आलं आहे का? नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का, किंवा वाढतंय का? आणि हे साधारण वर्षभर चालू आहे का?

यात तासांचा आकडा कुठेच नाही, हे लक्षात घ्या. शेजारच्या मुलाचे तीन तास आणि आपल्या मुलाचे पाच, अशी तुलना करून हाती काही लागत नाही. पाच तासांतले दोन तास मुलगी गिटार शिकायचे व्हिडिओ बघत असेल तर तो वेळ वेगळा, आणि रात्री दीडला पांघरुणात तोंड खुपसून रील्स चालल्या असतील तर तो वेळ वेगळा. ऑक्सफर्डच्या संशोधक अॅमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. हा आकडा सरासरीचा आहे. सरासरीत न बसणारी, खरंच खोलात गेलेली मुलं असतात आणि आपलं मूल त्यांतलं असू शकतं. पण ‘फोनने पिढी वाया गेली’ या सुरात घरात बोलणं सुरू केलंत तर मूल पहिल्याच वाक्याला कान बंद करेल, आणि त्यात त्याची फारशी चूक नसेल.

तेव्हा बघायचं ते हे: झोप किती होते, शाळा नीट चालू आहे का, प्रत्यक्ष भेटणारे मित्र उरले आहेत का, पूर्वी आवडणारं काय काय सुटलं. आणि फोन खाली ठेवायला सांगितल्यावर येणारा राग दहा मिनिटांत ओसरतो की दोन तास टिकतो.

पायरी २: आठवडाभर फक्त बघा

या आठवड्यात नवा नियम नाही, टोमणा नाही. फोन आपली नोंद स्वतःच ठेवत असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’. या दोन्ही सोयी २०१८ मध्ये आल्या, आता त्या बहुतेक फोनमध्येच मिळतात, वेगळं अॅप टाकावं लागत नाही.

हे मुलाच्या पाठीमागे करू नका. त्याला शेजारी बसवा आणि आधी स्वतःचा फोन उघडून आपला आकडा दाखवा. बहुतेक आईवडिलांना इथेच घाम फुटतो. फुटू दे. ‘माझे चार तास निघाले, तुझे बघू’ या वाक्यानंतर जे बोलणं होतं ते ‘दाखव इकडे फोन’ या वाक्यानंतर होत नाही.

आता नोंद वाचायची कशी? वरचा एकूण आकडा सोडा. समजा, तो पाच तास दहा मिनिटं आहे. खाली गेलात की दिसेल: एका व्हिडिओ अॅपवर दोन तास चाळीस मिनिटं, गेमवर सव्वा तास, चॅटिंग पन्नास मिनिटं, बाकी किरकोळ. मग तासांप्रमाणे आलेख बघा. दुपारी शाळेतून आल्यावर एक उंच खांब असतो, तो जवळजवळ प्रत्येकाचा असतो. रात्री अकरा ते एकमध्ये दुसरा खांब आहे का? असेल तर तुमचं पहिलं काम सापडलं. त्यानंतर बघा फोन दिवसात किती वेळा उचलला किंवा अनलॉक केला, आणि नोटिफिकेशन किती आली. फोन दीडशे वेळा उचलला जात असेल आणि एकूण वेळ फक्त दोन तास असेल तरी अभ्यासाचे तुकडे तुकडे झालेले असतात. त्यावर वेळेची मर्यादा घालून काही होत नाही, तिथे नोटिफिकेशन बंद करायला लागतात.

आयफोनवर आणखी एक मजेशीर ओळ असते: फोन उचलल्यावर सगळ्यात आधी कोणतं अॅप उघडलं गेलं. मुलांना स्वतःलाच ती बघून आश्चर्य वाटतं.

पायरी ३: फोन मुलासाठी कोणतं काम करतोय ते ओळखा

मला विचाराल तर ही पायरी सगळ्यात जास्त वेळ द्यायच्या लायकीची आहे आणि तीच लोक गाळतात. ‘फोन’ म्हणून आपण ज्याच्यावर ओरडतो त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली, नुसतं स्क्रोल करणं. पूर्वी वेबपान संपायचं, ‘पुढील पान’ दाबावं लागायचं आणि तेवढ्या क्षणात माणूस उठू शकायचा. २००६ मध्ये अॅझा रॅस्किन या सॉफ्टवेअर रचनाकाराने तळाला पोचण्याआधीच पुढचा मजकूर आपोआप येत राहील अशी रचना तयार केली. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्तापही व्यक्त केला. संपण्याची जागाच उरली नाही, म्हणून ‘आणखी एक’ला शेवट नाही. त्यात पुढची रील भारी निघेल की फुसकी, हे आधी कळत नाही. बक्षीस केव्हा मिळेल याचा अंदाज येत नसला की वागणूक सगळ्यात चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. किशोरवयात मोहाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो, ते काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. तेव्हा ‘स्वतःवर ताबा ठेव’ हा उपदेश खरा असला तरी अर्धाच उपयोगी. इथे बाहेरून शेवट आणून द्यावा लागतो: टायमर, ठरलेली वेळ, फोन दुसऱ्या खोलीत.

दुसरी, गेम. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळली जाणारी मॅच मध्येच थांबवता येत नाही. अर्ध्यात सोडली तर संघ हरतो, रँक घसरते, काही गेममध्ये थोडा वेळ खेळायला बंदीही येते. आई दारातून ओरडते, ‘आत्ताच्या आत्ता बंद कर!’ मुलगा म्हणतो, ‘पाच मिनिटं!’ आईला वाटतं हा टाळतोय. खरं तर त्याला मॅच संपवायची असते. म्हणून गेमची मर्यादा मिनिटांत न घालता मॅचमध्ये घाला. ‘अजून किती राहिलीय? ठीक आहे, ही संपली की पुढची लावायची नाही.’ मग ती संपेपर्यंत तिथेच उभे राहा. एखाद्या दिवशी शेजारी बसून विचारा, तुझं काम काय असतं या टीममध्ये? पोरं खुलतात. आणि कोणाबरोबर खेळतोय हेही आपसूक कळतं.

तिसरी, मित्रमैत्रिणी. चॅट, ग्रुप, स्ट्रीक. स्नॅपचॅटवरची स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस पाठवापाठवी चालू आहे त्याचा आकडा, टिकवायला दोघांनीही चोवीस तासांत एकमेकांना एखादा फोटो किंवा व्हिडिओ पाठवावा लागतो, नाहीतर महिनोन्महिने जमवलेला आकडा गायब होतो. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटतं. तेरा वर्षांच्या मुलीला स्ट्रीक तुटणं म्हणजे मैत्रिणीला तोंडावर नाही म्हटल्यासारखं वाटू शकतं. अशा मुलीचा फोन आठवडाभर काढून घेतलात तर तुमच्या दृष्टीने तो उपकरणाचा विरह असतो. तिच्या दृष्टीने ग्रुपमध्ये काय काय घडून गेलं आणि आपण नव्हतो, हे असतं. इथे कमी करायचं ते उत्तर देण्याचं ओझं. ‘जेवताना आणि नऊनंतर माझा फोन नसतो’ हे तिने ग्रुपवर आधीच सांगून टाकलं की पुष्कळसं ओझं उतरतं. घरचे देत नाहीत असं सांगायची मुभाही द्या. वाईटपणा आपण घ्यावा, आपल्याला चालतो.

कधीकधी या तिन्हींच्या खाली चौथं काही असतं: शाळेतली छळवणूक, न जमणारा विषय, घरातलं भांडण, एकटेपणा. तिथे फोन हे दुखणं विसरायचं साधन झालेलं असतं. तो नुसता काढून घेतला तर दुखणं उघडं पडतं आणि हाताशी दुसरं काहीच नसतं. सूचना देण्याआधी ‘फोनवर नसतोस तेव्हा डोक्यात काय चालू असतं?’ एवढं विचारून गप्प बसून बघा. उत्तर त्या दिवशी येईलच असं नाही.

पायरी ४: रात्र परत मिळवा

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये एकमताने सांगितलं आहे. अडचण अशी की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा वाढू लागतं. ‘मला झोपच येत नाही’ हे मूल म्हणतं ते बहाणा नसतं. पण त्या जागेपणात हातात फोन असला की अकराचे साडेबारा होतात आणि शाळेची वेळ काही सरकत नाही.

नियम साधा ठेवा. ठरलेल्या वेळी घरातले सगळे फोन झोपायच्या खोल्यांबाहेर, एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे आईबाबांचेही. तुमचा फोन उशाशी आणि मुलाचा बाहेर, हे दोन दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. तातडीच्या कामासाठी फोन लागत असेल तर आवाज मोठा करून तिथेच ठेवा, वाजला की ऐकू येईल.

पहिल्याच रात्री कारणं येतील. ती ठरलेली असतात, म्हणून उत्तरं तयार ठेवा.

‘अलार्म लावायचाय.’ गजराचं साधं घड्याळ आधीच आणून ठेवा. हा मुद्दा इथेच संपतो.

‘गाणी ऐकल्याशिवाय झोप येत नाही.’ स्पीकर किंवा रेडिओ चालेल, पडदा असलेलं काही नको.

‘रात्री उद्याचा गृहपाठ टाकतात ग्रुपवर.’ हे बऱ्याचदा खरं असतं. फोन ठेवण्याआधी पाच मिनिटं फक्त तो ग्रुप बघायचा आणि वहीत उतरवून घ्यायचं.

‘तुमचा विश्वासच नाही माझ्यावर.’ यावर वाद घालू नका. ‘माझा फोनवर विश्वास नाही, म्हणून माझाही इथेच ठेवलाय’ एवढं म्हणा आणि दिवा घालवा.

वेळ एकदम दोन तास अलीकडे आणू नका. आज मूल साडेबाराला झोपत असेल तर पहिला आठवडा बारा, मग साडेअकरा. सुट्टीच्या दिवशी तासभर सवलत द्या, पण दुपारी बारापर्यंत झोपू दिलंत तर सगळं पुन्हा मूळपदावर येतं. सकाळी उठल्यावर खिडकी उघडून उजेड आत येऊ द्या, घड्याळ अलीकडे सरकायला त्याची मदत होते.

पायरी ५: करार लिहा, आणि लेखणी मुलाच्या हातात द्या

रात्रीचं बसलं की मग दिवसाचं बोला. वेळ निवडा, भांडणानंतरची नको. नियम तीन-चारच ठेवा, कारण दहा नियम कोणाच्याही लक्षात राहत नाहीत, घालणाऱ्याच्याही नाही. जेवताना फोन नाही, अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, रात्रीची वेळ ही, आणि मोकळा वेळ अमुक ते अमुक. त्या मोकळ्या वेळात काय बघायचं ते मूल स्वतःच ठरवेल, तुम्ही मागून डोकावायचं नाही. मसुदा त्यानेच लिहावा. स्वतः लिहिलेलं मोडताना जरा तरी जड जातं.

मोडल्यावर काय, हेही त्याच कागदावर असू द्या, आणि ते छोटं ठेवा. रात्री फोन खोलीत सापडला तर दुसऱ्या दिवसाचा मोकळा वेळ गेला, बस्स. ‘महिनाभर फोन बंद’ ही शिक्षा रागात सुचते, चौथ्या दिवशी आपणच मागे घेतो, आणि मग आपल्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही.

पायरी ६: सेटिंग्ज

हे अर्ध्या तासाचं काम आहे, मुलासोबत बसून करा. माणसांनी पाठवलेले संदेश सोडून बाकी सगळ्या अॅपची नोटिफिकेशन बंद. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद. यूट्यूबची ‘वॉच हिस्ट्री’, म्हणजे आधी काय बघितलं त्याची नोंद, पुसून बंद केली की पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं, हवं ते शोधून बघावं लागतं. हा बदल दिसायला किरकोळ, पण फार कामाचा. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ पासून किशोरांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत दिवसाला ६० मिनिटं झाली की आठवण येते, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प राहतात आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खातं उघडताना जन्मसाल खोटं घातलं असेल तर यातलं काही लागू होईलच असं नाही, तेव्हा ते आधी तपासा.

पडदा काळा-पांढरा करून बघा. काहींना फरक पडतो, काही पोरं दुसऱ्या दिवशी रंग परत आणतात.

गुपचूप हेरगिरी करणारी अॅप टाकू नका. धाकट्यांसाठी गूगलच्या फॅमिली लिंकसारखी उघड, दोघांना माहीत असलेली व्यवस्था ठीक आहे. चोरून वाचलेलं एक चॅट भांडणात तोंडातून निसटलं की मूल दुसरं, तुम्हाला माहीत नसलेलं खातं उघडतं.

पायरी ७: रिकामा झालेला वेळ

दोन तास मोकळे झाले तर ते कशाने भरायचे? ‘पुस्तक वाच’ हे उत्तर देण्याआधी घरातले मोठे त्या वेळेला काय करतात ते बघा. मैदान, सायकल, वाद्य, स्वयंपाकात हात, काहीही चालेल. मूल आधी जे करायचं आणि सुटलं, तिथून सुरुवात सोपी जाते. मित्रांना घरी बोलवू द्या, गोंधळ झाला तरी. आणि थोडा कंटाळा येऊ द्या. तो लगेच घालवायची जबाबदारी तुमची नाही.

पायरी ८: पहिले दोन-तीन आठवडे

सुरुवातीला गोष्टी सुधारण्याऐवजी बिघडतील. सवयीचं बक्षीस बंद झालं की ती सवय थांबण्याआधी काही काळ जोरात उसळते, हे वर्तनशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. दारं आपटणं, अबोला, ‘बाकी सगळ्यांच्या घरी चालतं’. इथे नेमकं काय करायचं नाही, तर तिसऱ्या दिवशी ओरड्याला कंटाळून फोन देणं. तसं केलंत तर पुढच्या वेळी कितपत ओरडावं लागतं याचा हिशोब मुलाला मिळतो.

नवी सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर फार विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि व्यक्तीगणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. परीक्षा संपली, लांब सुट्टी लागली, घरी पाहुणे आले की करार सैल पडेलच. सुट्टीचा वेगळा करार आधीच लिहून ठेवलात तर नंतर दोन्ही बाजूंना माघार घेतल्यासारखं वाटत नाही.

केव्हा थांबू नये

मूल शाळेत जायचंच बंद झालं, दिवसरात्र उलटी झाली, अंगावर धावून येणं किंवा मोडतोड सुरू झाली, घरातून पैसे जाऊ लागले, खाणं आणि अंघोळ सुटली, तर वरच्या पायऱ्यांची वाट बघत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे समुपदेशक गाठा. स्वतःला इजा करण्याचं किंवा जगणं नको असल्याचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी, आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका. ते धमकीसाठी बोलतंय का, याचा निवाडा घरी करायचा नसतो.

कोणी फोटो किंवा चॅटवरून धमकावत असेल तर मुलाला रागावू नका, पैसे पाठवू नका आणि काही पुसूही नका. स्क्रीनशॉट घ्या, ते खातं अॅपकडे रिपोर्ट करून ब्लॉक करा, सायबर पोलिसांकडे जा. आपलं काही चुकलं म्हणून फोन कायमचा जाईल या भीतीनेच मुलं अशा गोष्टी लपवतात. म्हणून ‘असं काही झालं तर मला सांग, त्यासाठी फोन काढून घेणार नाही’ हे वाक्य करारातच लिहून टाका.

तज्ज्ञांकडे जाताना दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी न्या: स्क्रीन टाइमचे आलेख, झोपायच्या आणि उठायच्या वेळा, मोठी भांडणं कशावरून झाली. आणि पहिल्या भेटीत सगळा वेळ आपणच बोलू नका, मुलाला थोडा वेळ त्यांच्यासोबत एकट्याने बसू द्या.